काटा थांबेपर्यंत

शिट्टी दातांत, श्वास छातीत.
दोघांच्या मधला अर्धा क्षण,
एवढीच माझी नोकरी, संध्याकाळी सहानंतर.
दिवसा भायखळ्याच्या दवाखान्यात केसपेपर काढते.
तिथे थांबायचं काम लोकांचं.

रूबेन पेणकर सर गोदीत वजनकाट्यावर होते,
एकतीस वर्षं.
पहिली शिट्टी हातावर ठेवताना म्हणाले,
"पोतं टाकलं की काटा नाचतो, सुमेधा.
नाचत्या काट्याचा आकडा लिहिणारा कारकून
चोर नसतो,
पण चोरापेक्षा महाग पडतो."
मला वाटलं, म्हातारा गोदीतलं सांगतोय.

मग नागपाड्याच्या कोर्टावर ती फायनल.
सोळा वर्षांखालच्या मुली,
कठड्यावर, गच्चीवर, टेम्पोच्या टपावर माणसं,
एक्केचाळीस-बेचाळीस, सात सेकंद.
अरीबा परकार, नऊ नंबर, आत घुसली.
कमरेला हात पडला तिच्या. पडलाच. मी पाहिला,
आणि पाहिल्याबरोबर वाजवली.

ती त्या हातातून केव्हाच निसटली होती,
साबण लावल्यावर बांगडी निसटते तशी.
दोन पावलं, फळीला हलका स्पर्श,
जाळी हलली.
पण जाळीच्या आधी माझा आवाज पोचला होता.
बास्केट नाही. बाजूने चेंडू.
नियम माझ्याकडून, पुस्तक माझ्याकडून,
टेबलावरचे तिघेही माझ्याकडून.
बाजूने आलेला चेंडू कुणाच्या तरी गुडघ्याला लागून
बाहेर गेला, आणि संपलं.

अरीबा काहीच बोलली नाही.
बाकावर बसून बुटाची नाडी सोडत राहिली,
सुटलेलीच नाडी.

"फाउल झाला होता, सर."
"झाला होता की.
पण शिक्षा कुणाला दिलीस?"

तेव्हापासून थांबते.
धक्का बसला की हात बघत नाही, पुढचं पाऊल बघते.
तोल गेला का? चेंडू बोटांतून सुटला का?
की तिला कळलंसुद्धा नाही कुणी लागल्याचं?
फळीखाली चार पाठी एकमेकींवर रेलतात, रेलू दे,
चेंडू ज्या हातात यायचा त्याच हातात आला
तर मी तिथे नव्हतेच.
आणि चेंडू रिंगवरून घसरल्यावर वाजवावी लागली
की टेम्पोवरून कुणीतरी ओरडतंच,
"मॅडमना आत्ता आठवलं!"
ओरडू दे.

पण थांबण्याचीही चटक लागते.
माटुंग्याला एका मुलाने,
उडी मारलेल्याच्या खाली पाय सरकवला.
चेंडू हवेत होता. मी चेंडूच्या मागे गेले,
वर, आणखी वर,
जातोय का, बघू, जातोय का—
खाली घोट्याचा आवाज झाला.
सुक्या काटकीचा असतो तसाच होता.
बर्फ आणायला मीच धावले. बर्फाचं काय.

सर तेव्हा अंथरुणाला होते.
सगळं ऐकून बराच वेळ पंख्याकडे बघत राहिले.
"क्रेनखाली माणूस असेल
तर काटा बघत बसायचं नसतं गं.
एवढं सांगायचं राहिलं का माझं?"

राहिलं नव्हतं, सर.
सांगितलं असेल. मीच आकडा घाईने लिहिला.

आज पुन्हा नागपाडा.
अरीबा आता बाकावर, गळ्यात कोचचं कार्ड,
तिची चौदा नंबर माझ्यासमोरून आत घुसते.
खांदा खांद्यावर आपटतो.
पाय बघितले, जमीन मोकळी आहे.
गच्ची ओरडते, टेम्पो ओरडतो,
अरीबा उभी राहते, पण ओरडत नाही.
चेंडू रिंगवर एक फेरी घालतो,
दुसरी,

आणि शिट्टी तोंडात ओली होत जाते.
श्वास मी नाकाने सोडते,
हळूच,
कुणाला ऐकू जाऊ नये इतका.